इनपुट डिले न लावता कार्ड कसं विकावं

सर्वप्रथम डेटाशीट छापून घ्यावी आणि तिच्यावर चहाचे ग्लास ठेवावेत. शिरोली एमआयडीसीत कास्टिंग तपासणारा कॅमेरा बसवायचा असो की सीएनसीच्या स्पिंडलचं कंपन मोजणारं कार्ड, एफपीजीएत कोड चढला, एलईडी लुकलुकला, की काम फत्ते. कुणी टाइमिंगचं विचारलंच तर "चालतंय की!" म्हणावं.

विचारणारा हटत नसेल तर त्याला सांगावं : सोर्स सिंक्रोनस म्हणजे माल आणि चलन एकाच टेम्पोतून. डेटा पाठवणारी चिपच सोबत क्लॉकही पाठवते. दोन्ही किती अंतराने पिनवर पोचतात हे टूलला ठाऊक नसतं, ते आपण 'सेट इनपुट डिले'ने सांगायचं. नाही सांगितलं तर टूल त्या पिना तपासतच नाही, रिपोर्टात लाल ओळ येत नाही. कुठंतरी 'अनकन्स्ट्रेन्ड' अशी यादी असते. ती उघडू नये.

आकडेच हवे असतील तर गिगाबिट इथरनेटची आरजीएमआयआय घ्या. क्लॉक 125 मेगाहर्ट्झ, डेटा दोन्ही एजवर, म्हणजे एका बिटाला 4 नॅनोसेकंद. फाय चिप क्लॉक आतूनच उशिरा सोडत असेल, तर 2.0 आवृत्तीनुसार एजच्या आधी किमान 1.2 आणि नंतर किमान 1.2 नॅनोसेकंद डेटा स्थिर असतो. म्हणून मॅक्स 4 वजा 1.2, म्हणजे 2.8, मिन 1.2. मधले 1.6 डेटा बदलण्याचे. बोर्डावर डेटा आणि क्लॉकच्या ट्रॅकची लांबी वेगळी असेल तर तोही फरक धरायचा. एवढा हिशेब कोण करतो? दोन्हीकडे शून्य टाकावं.

फॉलिंग एजची ओळ लिहिताना 'ॲड डिले' हमखास विसरावं. मग ती रायझिंगची ओळ पुसून टाकते आणि निम्मा डेटा बिनतपासणीचा राहतो. इतकं करूनही लाल दिसलंच, तर 'फॉल्स पाथ' लावावा. रिपोर्ट लगेच हिरवा.

चिपमधला विलंब तापमान आणि व्होल्टेजनुसार बदलतो, म्हणून टूल मंद आणि जलद अशा दोन्ही टोकांना हिशेब लावतं. आपण सकाळी, गार शेडमध्ये डेमो द्यावा. दुपारी पत्रा तापल्यावर पॅकेट गळायला लागली, तर आधी अर्थिंगला नावं ठेवावीत, मग शेजारच्या फाउंड्रीतल्या इंडक्शन फर्नेसला. शिरोलीत ती कुठं ना कुठं चालू असतेच.