तुझी तुझ्याशीच होणारी सभा

प्रशासक राजवटीस,

पत्राच्या सुरुवातीला 'सन्माननीय' लिहायची रीत आहे. ती मी पाळत नाही. मान लोक देतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांनी तुला कधी निवडलेलं नाही. मार्च २०२२ मध्ये दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली, तात्पुरती सोय म्हणून तुला आणलं, आणि तू ठाण मांडलंस.

हे पत्र कोणा अधिकाऱ्याला नाही, हे आधीच सांगतो. प्रशासक म्हणून बसणारे मुख्य कार्यकारी अधिकारी येतात, बदलून जातात. त्यांच्यातल्या काहींनी मनापासून काम केलं, हे मला मान्य आहे. माझं भांडण तुझ्याशी आहे. काम करणारा आणि त्या कामाचा जाब घेणारा एकच माणूस, ही तुझी रचना.

फेब्रुवारी २०१७ मध्ये गडचिरोलीनं ५१ आणि चंद्रपूरनं ५६ सदस्य निवडून दिले होते. ते संत नव्हते. आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का, यापेक्षा केंद्राच्या कुंपणभिंतीचं काम कोणाला मिळालं यात रस असलेले सदस्य त्या सभागृहात होते, आणि त्यांच्या गटातली माणसं त्यांना चांगली ओळखून होती. पण आरोग्य समिती होती. जिल्हा आरोग्य अधिकारी तिचा सचिव. विचारलेल्या प्रश्नाला त्याला समोर बसून उत्तर द्यावं लागे, ते इतिवृत्तात येई, आणि पुढच्या बैठकीत त्याचं अनुपालन निघे. समाजकल्याण समिती होती, महिला व बालकल्याण समिती होती. भामरागडकडचा किंवा जिवतीच्या डोंगरातला सदस्य उभा राहून विचारू शकत होता: आमच्या केंद्रातलं माहेरघर उघडं आहे का? दिवस भरत आलेली बाई पूर येण्याआधी तिथं येऊन राहावी म्हणून ते बांधलं, तर तिला तिथं जेवायला कोण घालतं? सोबत आलेल्या सासूची मजुरी बुडते, तिचे पैसे मिळाले का? दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी कुठं खर्च झाला? अंगणवाडीत अमृत आहार शिजतो की फक्त नोंदवहीत शिजतो?

हे प्रश्न तू कोणाला विचारतेस?

तुझ्या राज्यात सभा बंद पडल्या, असा आरोप मी करणार नाही. सभा होते. तुझी तुझ्याशी होते. विषय तू मांडतेस, अनुमोदन तू देतेस, ठरावावर सही तू करतेस आणि अंमलबजावणीचा अहवालही तूच स्वीकारतेस. सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, आरोग्य समिती, सगळ्यांचे अधिकार एका टेबलावर आले. पंचायत समितीत तेच: तिथं गटविकास अधिकारी प्रशासक. चार वर्षांत तुझ्या एकाही ठरावाला विरोधी मत पडलं नाही, कारण मत देणारं दुसरं कोणी खोलीतच नव्हतं.

आणि ही वर्षं काही शांत नव्हती. गडचिरोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. चंद्रपुरात ते २०१५ पासून आहे. महाविद्यालय हवंच होतं, त्यासाठी या जिल्ह्यांनी वर्षानुवर्षं मागणी केली. पण महाविद्यालय आलं की सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयाच्या कारभारात वैद्यकीय शिक्षण खातं येतं. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांचं, वरचं रुग्णालय तिसऱ्याच खात्याचं. कोरचीहून पाठवलेली बाळंतीण या तिघांच्या मधे अडकली तर जबाबदार कोण, हे लोकांच्या वतीनं विचारायला नेमक्या त्याच काळात कोणी नव्हतं. २०२४ च्या सुरुवातीला आशा कार्यकर्त्या मानधनासाठी संपावर होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. ज्या तालुक्यांत मलेरिया आणि सिकलसेल घराघरात माहीत आहेत, तिथं त्या दिवसांत रक्ताचे नमुने कोणी घेतले, गोळ्या कोणी पोचवल्या, याचा हिशेब कोणत्या सभागृहापुढे आला? १०८ ची रुग्णवाहिका कुठं उभी राहणार, हे मुंबईत झालेल्या कंत्राटावरून ठरतं. निदान ती किती वेळा पोचली नाही, हे तरी जिल्ह्यात कोणी मोठ्यानं वाचायला हवं होतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात एका आईबापांनी दोन लहान मुलांची प्रेतं खांद्यावर घेऊन चिखलातून वाट काढली. त्याआधी जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत मुलं गेली होती. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्रानं फोनवर पाहिलं. रुग्णवाहिका होती का, बोलावली का, नाकारली का, यावर वेगवेगळं ऐकू आलं. मी त्यात निवाडा देत नाही. माझा मुद्दा असा की निवाडा व्हायला जागाच नव्हती. आरोग्य समिती असती तर अधिकाऱ्यांना कागद घेऊन यावं लागलं असतं, अहेरीच्या सदस्यानं रस्त्याचा विषय काढला असता, दुसऱ्यानं आजारी मुलांना दवाखान्याआधी पुजाऱ्याकडे का न्यावं लागतं हे विचारलं असतं, भांडण झालं असतं, वर्तमानपत्रात आलं असतं. सभागृहात जे भांडण व्हायला हवं होतं ते झालंच नाही. आठवडाभर दृश्य फिरलं आणि विषय मिटला.

तू न्यायालयाची कागदपत्रं पुढे करशील, म्हणून तेही बोलतो. ७३ व्या घटनादुरुस्तीनं सांगितलं की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लावली. पुढं ओबीसी आरक्षणावर बांठिया आयोगाचा अहवाल आला, गटांची संख्या एका सरकारनं वाढवली, दुसऱ्यानं पुन्हा २०१७ वर आणली, आणि मग तारखा पडत गेल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं. ते जमलं नाही, म्हणून ३१ जानेवारी २०२६ ही नवी मर्यादा मिळाली. ओबीसींच्या जागांचा प्रश्न खरा आहे, आमच्या जिल्ह्यांत तर फार खरा. तो सोडवायची सत्ता दोन्ही बाजूंच्या सरकारांना मिळाली होती. दोघांनाही तू सोयीची वाटलीस, कारण तू तक्रार करत नाहीस आणि निधी मागत भांडत नाहीस.

पण निवडणूक तुझ्या हातात नव्हती, हे धरून चाललं तरी एक गोष्ट तुझ्या हातात होती. गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यात सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर ग्रामसभा व पंचायतीचं नियंत्रण लिहिलेलं आहे. ग्रामसभा बरखास्त झाल्या नव्हत्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, म्हणत जंगलाचा कारभार हातात घेऊन दाखवला. बांबूचा हिशेब ठेवणारं गाव उपकेंद्राचा हिशेब तपासू शकत नाही, असं तुला वाटलं का? आरोग्यसेवांवरच्या लोकाधारित देखरेखीत याच जिल्ह्यांनी जनसुनवाया पाहिल्या आहेत, जिथं बाया माईक धरून वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर बोलल्या. ते सारं तुझ्यापुढे तयार होतं. तुझे आरोग्याचे ठराव ग्रामसभेत वाचून दाखवायला कोणत्या न्यायालयानं मनाई केली होती?

म्हणून आता मागणी करतो. मार्च २०२२ पासून आरोग्य, समाजकल्याण आणि महिला-बालकल्याण या तीन विषयांवर तू केलेला प्रत्येक ठराव पंचायत समितीच्या फलकावर लाव, तारखेसह, मराठीत, आणि जिथं गोंडी किंवा माडिया बोलतात तिथं तो वाचून सांगायला माणूस पाठव. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातली रिक्त पदं, कोणत्या महिन्यापासून रिक्त, तेही त्यातच. येत्या ग्रामसभेत वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका आणि तालुका आरोग्य अधिकारी हजर ठेव आणि लोक विचारतील ते लिहून घे. निवडून आलेल्या सदस्यांची आरोग्य समिती पहिल्यांदा बसेल तेव्हा ही सगळी चोपडी तिच्यापुढे ठेव, आणि ज्या निर्णयांची कारणं देता येत नाहीत ते तिला रद्द करू दे.

— गडचिरोलीचा एक मतदार