नायक निघालाय, माणकोलीला आहे

भाच्याच्या नादाने मी ‘वन पंच मॅन’ ही जपानी कार्टून मालिका बघायला लागलो. नायक सायतामा. तुळतुळीत टक्कल, पिवळा पोशाख, आणि समोर कितीही अक्राळविक्राळ राक्षस येवो, एका ठोशात खेळ खलास. मग ह्यात बघायचं काय? सायतामालाही हाच प्रश्न पडलाय. जिंकून जिंकून बिचारा कंटाळलाय. त्याची खरी धावपळ असते ती सुपरमार्केटातला सेल चुकू नये म्हणून. महिनाअखेर माहीत असलेला महाबली मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

‘वन’ असं टोपणनाव घेतलेल्या लेखकाने २००९ साली ही कथा इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, तेव्हाची चित्रं वहीच्या मागच्या पानावर शोभतील अशी होती. युसुके मुराताने २०१२पासून ती देखणी करून काढली आणि २०१५ साली ती पडद्यावर आली.

सायतामाच्या ताकदीचं गुपित म्हणजे रोज १०० जोर, १०० सिटअप्स, १०० बैठका, १० किलोमीटर धावणं, आणि भर उन्हाळ्यातही एसी बंद. असं तीन वर्षं. त्यातच केस गेले. आमच्या भिवंडीत कामतघरला यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला हे सांगा, तो विचारील, “एसी बंद ते ठीक, पण पंखा चालू होता ना?”

एवढं करून वीरांच्या परीक्षेत शारीरिकला ५० पैकी ५०, लेखीला २१. टाकलं सगळ्यात खालच्या ‘सी’ वर्गात. तिथे दर आठवड्याला एक तरी सत्कृत्य दाखवायचं, नाहीतर नाव कमी. आमच्या गोदामांतल्या पोरांना हे टार्गेट प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

२०२० साली ह्या कथेवर मारामारीचा गेम निघाला. एका ठोशात जिंकणारा गडी असेल तर गेम खेळायचा कसा? जपान्यांनी तोड काढली: सायतामा उशिरा येतो! तो पोचेपर्यंत बाकीच्यांनी मार खात तग धरायचा. भाचा म्हणाला, “मामा, काय डोकं लावलंय!” डोकं कसलं? कशेळी-काल्हेरवरून संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून आमच्या अंजूर फाट्याला येणारा प्रत्येक जण असाच उशिरा येतो. “पोचतोच, माणकोलीला आहे,” असं फोनवर सांगणाऱ्याची वाट बघत इथे लग्नं खोळंबली आहेत.

मला आवडतो तो मुमेन रायडर. अंगात शक्ती नाही, बुडाखाली सायकल. समुद्रराजा नावाच्या राक्षसाचा बेदम मार खातो, पण सायतामा येईपर्यंत मागे हटत नाही. आणि कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत आमच्या नाक्यावर वेळेत पोचेल, तर तोच.