सोवळ्यातली गाणी

सभागृहात जुन्या सिनेगीतांच्या कार्यक्रमाला दुसऱ्या रांगेतले काका शंकर-जयकिशनच्या अंतऱ्याला डोळे मिटतात, मांडीवर समेची जागा चुकवून थाप मारतात आणि शेजारच्याला सुनावतात, “ह्याला म्हणतात संगीत! आताचा नुसता धांगडधिंगा.”

काकांच्या वडिलांचं मतही तंतोतंत हेच होतं. फक्त ते शंकर-जयकिशनबद्दल होतं. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना तर सिनेसंगीत इतकं उथळ वाटलं, की आकाशवाणीवरून त्याची गच्छंतीच झाली. देशाने निमूटपणे काटा फिरवला, रेडिओ सिलोन लावलं आणि अमीन सायानींच्या बिनाका गीतमालेला कान दिला. अखेर १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

तेव्हा घरात गुणगुणलं तर पाठीत धपाटा मिळवून देणारी ही गाणी आता सोवळं नेसून ‘संस्कार’ झाली आहेत. निवेदक तीन मिनिटांच्या गाण्याआधी सात मिनिटं गहिवरतो, आणि काका मोबाइल उंचावून मागच्या रांगेला मंचावरचा ‘रफी’ दिसूही देत नाहीत, ऐकूही देत नाहीत.

काकांच्या नातवाने मात्र निराश होऊ नये. त्याच्या रॅपलाही सुवर्णकाळ म्हणतीलच. सभागृह तेवढं आत्ताच अडवून ठेवावं.