स्वखुशीने सुया

इंजेक्शनची सुई पाहून बालपणी माळ्यावर दडी मारणारा मनुष्य प्रौढपणी मुरुमांचे खड्डे बुजावेत म्हणून, स्वखुशीने व रोख रक्कम मोजून, मुखावर असंख्य सुया टोचून घेतो, यास प्रगती म्हणण्याचा हल्ली प्रघात आहे. या सुईकामाचे, म्हणजे मायक्रोनीडलिंगचे, तत्त्व खोटे नव्हे: साधारण 0.5 ते 2.5 मिलिमीटर लांबीच्या सुयांनी त्वचेस सूक्ष्म जखमा केल्या, की त्या भरून काढण्याच्या धांदलीत शरीर नवे कोलॅजन निर्माण करते. परंतु हा कारभार महिनोन्‌महिने चालतो आणि चार-सहा आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा हजेरी मागतो, ही बाब जाहिरातीतील तुकतुकीत मुखड्यास बहुधा ठाऊक नसते. ज्यांचे व्रण फुगून वाढतात, ज्यांचे मुरूम अद्याप पिकलेले आहेत किंवा ज्यांच्या ओठांवर तापाचे फोड वारंवार उठतात, त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांपुढे आपली साद्यंत कैफियत आधीच मांडावी. सावळ्या वर्णाने उपचारानंतर उन्हात मिरवणे म्हणजे जुने डाग देऊन नवे, अधिक काळे डाग पदरात घेणे होय. घरच्या घरी सुयांचा रोलर फिरवून, तोच भगिनीस उसना देणाऱ्या उदारमतवाद्यांविषयी न बोललेलेच बरे; रक्तातून रोगही उसने जातात. दवाखान्यातही निर्जंतुक सुयांचे पाकीट आपल्यादेखत फोडावयास सांगा. त्यात भीड धरू नका.