परदेशची सुपारी कशी वाजवावी

सगळ्यांत आधी जीभ आवरावी. कार्यक्रमाच्या बुकिंगला आपण सुपारी म्हणतो आणि कार्यक्रम करण्याला वाजवणं. भिवंडीत अंजूरफाट्यावर या दोन शब्दांनी कुणी दचकत नाही. विमानतळावर दचकतात. पहिल्या दौऱ्याच्या वेळी रांगेत उभा राहून आमचा ढोलकीवाला मेव्हण्याला फोनवर सांगत होता, "दुबईची सुपारी हाय. आठ जनं चाललोय. रातभर वाजवाचा न् परत." पुढच्या बाईंनी ट्रॉली वळवली आणि शेजारची रांग धरली. बंदूकवाला जवान जवळ आला आणि अदबीने म्हणाला, "किसका बजाना है?" ढोलकीवाला खोटं बोलत नाही. "पाटीलशेठ के लडके का," तो म्हणाला.

सगळ्या बॅगा उघडून हळद, हळकुंड आणि ढोलकी दाखवण्यात पाऊण तास गेला. तेव्हा विमानतळाच्या हद्दीत 'कार्यक्रम' म्हणावं, 'सादर करणे' म्हणावं. जमत नसेल तर मुके राहावं.

ही सूचनावली भिवंडी तालुक्यातल्या बेंजो पार्ट्यांसाठी आहे. हळदी, साखरपुडा, गोविंदा, गणपती आणि निवडून आलेल्याची मिरवणूक एवढा अनुभव गाठीशी असला की परदेशाला पुरतो. २०१६ साली रवी जाधव यांचा 'बँजो' हा हिंदी चित्रपट आला. त्यात न्यूयॉर्कची एक बाई बेंजोवाल्याला शोधत मुंबईला येते. तो बघितल्यापासून आमचा बेंजोवाला दोन वर्षं रोज दाढी करत होता. कुणी आलं नाही. शेवटी आपल्यालाच जावं लागतं.

कागदपत्रांचं काम कॅशिओवाल्याकडे द्यावं. पार्टीत तोच त्यातल्या त्यात शिकलेला असतो. (कॅशिओ मी वाजवतो. बी.कॉम. आहे. याचा पश्चात्ताप मला व्हिसाच्या प्रत्येक फॉर्मला होतो.) आठ जणांत पाच पाटील, दोन म्हात्रे, एक भोईर असं साधारण प्रमाण पडतं. विमानात हवाईसुंदरी "मिस्टर पाटील" म्हणाली की पाचही जण हात वर करतात आणि शाकाहारी जेवण घेऊन बसतात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. अमिरातीसारख्या ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जायचं तर त्याला सरकारची वेगळी परवानगी लागते. आपण नोकरीला जात नसलो तरी शेरा शेराच. गणितात राहिलेले सहा मार्क इतक्या वर्षांनी कुणी काउंटरवर वाचून दाखवले की पोटात खड्डा पडतोच.

खरी अडचण येते ती बोटांच्या ठशांची. वीस वर्षं ढोलकीच्या शाईवर आपटलेल्या बोटांना रेषा उरत नाहीत. व्हिसा केंद्रातल्या मुलीने आमच्या माणसाची बोटं चार वेळा पुसली, काचेवर दाबली, पुन्हा पुसली. मशीन लालच. "काका, काम काय करता तुम्ही?" तिने विचारलं. "बोटांचाच," तो म्हणाला. आदल्या रात्री व्हॅसलीन चोपडून झोपावं आणि त्या आठवड्यात सुपारी घेऊ नये. हळदीच्या सीझनला हे सांगणं सोपं आहे, पाळणं नाही.

वाद्यांनाही पासपोर्ट असतो. त्याला एटीए कार्नेट म्हणतात, आपल्याकडे तो फिक्की ही संस्था देते. प्रत्येक वाद्याचं नाव, वजन, किंमत आणि ओळखखूण लिहून द्यायची. जेवढं गेलं तेवढं परत यायला हवं. ऑक्टोपॅडला कंपनीचा नंबर असतो. ताशाला नसतो, तो खिळ्याने कोरावा. ताशाच्या एका काठीचे दुबईत दोन तुकडे झाले. ते आम्ही रुमालात बांधून परत आणले. कुणी विचारलं नाही, पण कागद पुरा हवा.

बेंजोला मात्र वेगळा वेळ काढून ठेवावा. यादीत 'बँजो' वाचलं की तिकडच्या साहेबाच्या डोळ्यांसमोर गोल तोंडाचा, चामडं ताणलेला, लांब मानेचा अमेरिकन बँजो उभा राहतो. आपण पेटीतून काढतो ते सनमायका मारलेलं लांबट खोकं. वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली पोलादी तारा, कडेला जॅक, वायरींवर चिकटपट्टी, कोपऱ्यात गणपतीचा स्टिकर. एक्स-रे मशीनमध्ये हे जे काही दिसतं ते बघून मलाही भीती वाटली होती. अशा वेळी इतिहास कामाला येतो. १९१२ साली जपानमध्ये नागोया इथे गोरो मोरिता यांनी टाइपरायटरची बटणं आणि तंतुवाद्य यांची सांगड घालून ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं. ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, आणि बुलबुल तरंगाला पिकअप लावून ॲम्प्लिफायरला जोडल्यावर बेंजो. हे सगळं मी लंडनच्या कस्टमवाल्याला बी.कॉम.च्या इंग्रजीत समजावलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गणपतीकडे पाहिलं आणि शिक्का मारला. शिक्का कुणाकडे बघून मारला ते सांगता येत नाही.

डब्याबद्दल थोडक्यात. सुक्या बोंबलाच्या पिशवीला तीन गाठी माराव्यात, चौथी देवाच्या भरवशावर. अमिरातीत खसखस अमली पदार्थात धरतात. तेव्हा घरच्या मसाल्यात काय काय पडलंय हे निघण्याआधी आईला विचारून घ्यावं. ती रागावेल. म्हणेल, माझ्या मसाल्यात खोट काढतोस. रागावू द्यावं.

आता प्रवास. मुंबईहून दुबईला विमान तीन तासांत पोचतं. भिवंडीहून सहारचा विमानतळ चाळीसेक किलोमीटर, त्याला किती वेळ लागतो हे मानकोलीला पुढे कंटेनर कितीचा उभा आहे यावर ठरतं. आमच्या तालुक्यात अख्ख्या देशाची गोदामं आहेत. लोकांची मिक्सर, चपला आणि मोबाईलची कव्हरं आधी जातात, मग आपण. काल्हेर-कशेळीवरून जावं की मानकोलीवरून, यावर टेम्पोत भांडण होणारच. ते घरून निघण्याआधी उरकून घ्यावं. विमान रात्री साडेतीनचं असेल तर दुपारी जेवून निघावं. लवकर पोचलात तर विमानतळावर आठ तास बसावं लागेल, त्याला घाबरू नये. परदेश दौऱ्यात वाजवणं दोन तासांचं असतं, बाकी सगळं बसणं. नवरदेवाची आंघोळ आटपेपर्यंत मांडवाबाहेर टेम्पोत बसण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे जड जात नाही.

दुबईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिकडे हळद होती. यजमान आपल्याच तालुक्यातले, पाहुणे आपल्याच तालुक्यातले, निम्मे तर आमच्याच विमानात. ज्यांना दर मे महिन्यात अंगणात नाचवतो त्यांनाच तीन तास उडून जाऊन गालिच्यावर नाचवलं. फरक एवढाच की गालिच्यावर हळद सांडली तर हॉटेल दंड लावणार होतं. म्हणून नवरदेवाला प्लास्टिक अंथरून बसवला होता आणि करवल्या ड्रॉपरने औषध घालावं तशी हळद लावत होत्या. बिन सांडलेली हळद वाजवायला फार अवघड जाते, ठेकाच चढत नाही.

लंडनची गोष्ट निराळी. तिथे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे, न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. म्हणजे तिथल्या मराठी माणसाला कार्यक्रम ऐकण्याची सवय आपल्या तालुक्यातल्या बेंजोला पिकअप लागण्याच्या बरीच आधीची. आम्हाला बोलावणारे मात्र हौशी दहा-बारा कुटुंबांचा एक वेगळाच गट होता. त्यांची दोन पत्रं आली. पहिल्यात विनंती होती की कलाकारांनी पारंपरिक वेशात यावं. आता आमचा पारंपरिक वेश म्हणजे पाठीवर पार्टीचं नाव आणि मोबाईल नंबर छापलेला टी-शर्ट. त्यांना कोळ्यांचा रुमाल आणि टोपी हवी होती. आम्ही आगरी. पण सातासमुद्रापार हा भेद समजावत बसू नये. रुमाल भाड्याने मिळतात, शाळेच्या गॅदरिंगला देतात तेच. ढोलकीवाल्याने जीन्सवरून बांधला आणि दर दोन गाण्यांनी कमरेला हात लावून बघत होता.

दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं, आवाज बेताचा ठेवावा. आम्हाला वाटलं, सगळेच लिहितात. आपल्याकडेही रात्री दहाचा नियम आहेच की. तिकडच्या हॉलमध्ये मात्र भिंतीवर एक डबी होती, तिच्यात हिरवा, पिवळा, लाल असे सिग्नलसारखे दिवे. आवाज ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की लाल लागतो आणि काही सेकंद तसाच राहिला की स्टेजची वीज आपोआप तुटते. पोलीस नाही, फोन नाही, मंडळाच्या अध्यक्षांना बाजूला घेऊन बोलणं नाही. ज्या यंत्राच्या खांद्यावर हात टाकता येत नाही, त्याच्याशी कसं वागावं याचं शिक्षण आपल्याला कुणी दिलेलं नाही.

बेंजोवाल्याने पहिला सूर छेडला, पिवळा. मी कॅशिओ उघडला, लाल. ऑक्टोपॅडवर पहिला ठोका पडला आणि स्टेज मेलं. हॉलच्या रखवालदाराने वीज जोडून दिली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो नुसताच हसला. पण ढोलकीला प्लग नसतो. ताशालाही नसतो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सुरू केलं. लाल दिवा लागला तो लागलाच, जळतच राहिला. डबीकडे तोडायला वीजच शिल्लक नव्हती. रखवालदार डबीखाली उभा राहून वर बघत होता. पैठणीतल्या बायका आधी कडेकडेने आणि मग मधोमध नाचायला लागल्या. बेंजोवाला बिचारा खुळखुळा घेऊन कोपऱ्यात.

तासाभराने ढोलकीवाल्याचे हात भरून आले. जरा शांत झालं तेव्हा मागच्या खुर्चीवरच्या एक आजी उठल्या. उरणकडच्या, लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, माइक तर मेलेलाच होता. त्यांनी धवला धरला, आपल्या लग्नात धवलारीण म्हणते तो. हिरव्या दिव्यात मावेल एवढाच आवाज. वीस मिनिटं म्हणाल्या. आम्ही आठही जण लग्नाच्या धंद्यातले, पण पुरा धवला आमच्यात एकालाही येत नव्हता. मी बंद कॅशिओवर बोटं ठेवून त्यांचा सूर शोधत होतो. वीज नसल्यामुळे तो सापडला नाही हे कुणाला कळलं नाही. नंतर आयोजकांनी आभाराच्या भाषणात आमच्या 'अभिनव संकल्पने'चं कौतुक केलं. अशा वेळी मान लववावी.

मुक्कामाबद्दल एक सूचना मात्र फार महत्त्वाची. भिवंडीचा माणूस आवाजात झोपतो. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असतो, मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा इकडून तिकडे जातो, आणि त्याच तालावर माणूस लहानाचा मोठा होतो. २००७ साली शहराची वीज टोरंटकडे गेली. त्याआधी रात्री लाइट गेली की आमच्या आळीतली माणसं अंधाराने नाही, माग थांबल्याने जागी व्हायची. लंडनच्या हॉटेलात रात्री अकरानंतर फ्रिजचासुद्धा आवाज नव्हता. कुणालाच झोप येईना. अडीच वाजले, म्हणजे भिवंडीत सकाळचे सात. ताशावाल्याच्या भावाचा कामतघरला कारखाना आहे. त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन लूमसमोर ठेव म्हणून सांगितलं. भाऊ म्हणाला, "येडा झालास का रं?" पण ठेवला. स्क्रीनवर पांढरं कापड इंचाइंचाने पुढे सरकत होतं. खटक खटक, खटक खटक. दहा मिनिटांत खोली घोरायला लागली. हळदीचा ठेका याच चालीच्या आसपास का असतो, याचा शोध विद्वानांनी घ्यावा. जाताना चांगला चार्जर न्यावा, आवाज सकाळपर्यंत पुरला पाहिजे.

परतीच्या दिवशीची सुपारी घेऊ नये. घेतलीच, आणि सगळे घेतातच, तर टेम्पो विमानतळावर बोलवावा. आम्ही सहारहून थेट पडघ्याला गेलो, रुमाल अजून बॅगेत. मांडवाच्या तोंडाशी पार्टीचा बॅनर लागला होता, 'लंडन-दुबई फेम', त्यात लंडनवरचा अनुस्वार उडून 'लडन' झालेला. नवरदेवाच्या काकांनी पैशाचं पाकीट हातात धरून ठेवलं होतं.

"लंडनला किती घेतलंस?" त्यांनी विचारलं.

विमानाचं तिकीट, व्हिसा, कार्नेट आणि रुमालाचं भाडं वजा जाता उरला तो आकडा मी खराच सांगितला. तिथे चूक झाली.

काकांनी मनात हिशेब केला. "एवरे लांब जाऊन एवरंच?" ते म्हणाले आणि पाकिटातून दोन नोटा काढून परत खिशात घातल्या. "पडघा तं जवलच हाय."