आठवड्याला पाव किलो
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर पाळणा, खुर्ची आणि स्टुलावर मलमाचा भलामोठा पांढरा डबा. कलाकार पाळण्याची दोरी धरून उभा. शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर तेलकट डाग. बराच वेळ नुसता झोका देतो. मग प्रेक्षकांकडे बघून, हळू आवाजात.)

मोबाइल बंद करा असं मी सांगणार नाही. वाजू द्या बिनधास्त. ही मोबाइलने उठत नाही. समोरच्या बांधकामावरच्या ड्रिलने उठत नाही. वरातीचा डीजे लागला तर आणखी गाढ झोपते. ही उठते फक्त मी पाठ टेकली की. (दोरी सोडून हळूच खुर्चीत टेकतो. पाळण्यातून किरकिर. ताडकन उभा.) बघा! खुर्ची करकरलीसुद्धा नाही. तरी कळलं.

आमची ठकी. वय पाच महिने, मुक्काम नाशिक, व्यवसाय खाजवणे. पूर्णवेळ. रात्रपाळी सक्तीची.

दोन महिन्यांची झाली आणि गाल लाल व्हायला लागले. घरात आनंदीआनंद. "काय बाई गाल, लालचुटुक!" पुढच्या आठवड्यात त्याच गालांवर खपल्या, डोक्यात खपल्या, हातापायांवर हात फिरवला की खरखर. लंगोटाखालची जागा तेवढी सुटली होती, तिथं ओल टिकते म्हणून. पण बाळ बघायला येणारे लोक तोंड बघतात हो! दहाची नोट हातात देतात, तोंड बघतात, आणि नोट सोडून हात मागे घेतात. (हात झटकन मागे.) "संसर्गजन्य नाही ना?" नाही हो मावशी. इसब आहे, इसब. हात लावून होत नाही. हात लावून बरंही होत नाही, म्हणून तर मी इथं उभा आहे.

डॉक्टरांकडे आम्ही अख्खं घर गेलो. मी, बायको, आई आणि आईची पिशवी. डॉक्टरीणबाई शांत. म्हणाल्या, "अटोपिक डर्मटायटिस." आईचा चेहरा खुलला. एवढं मोठं नाव आहे म्हणजे औषधही तसंच भारी असणार. बाई म्हणाल्या, "कोमट पाण्याने आंघोळ, पाच ते दहा मिनिटं. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, हे साधं मलम सगळीकडे लावायचं. दिवसातून तीन-चारदा. आठवड्याला पाव किलो तरी संपायला हवं."

आई म्हणाली, "बरं. आणि औषध?"

"हेच."

"नाही, पोटातून द्यायचं?"

"काही नाही."

"पथ्य?"

"आईने सगळं खायचं. उगाच काही बंद करायचं नाही."

(आईच्या थाटात पदर सावरत उठतो.) "चल रे. यांना काही कळत नाही."

आईचं चुकत नव्हतं. आपल्याकडे औषध कडू पाहिजे. कडू नसेल तर महाग पाहिजे. दोन्ही नसेल तर निदान ते आणायला कुणीतरी अमावास्येला डोंगरावर जायला पाहिजे. "लावा, आणि संपलं की पुन्हा लावा" हा काय उपचार झाला? यात अनुभवाला वाव नाही, वडीलधाऱ्यांना काम नाही, कुणाला काही त्याग करता येत नाही.

मग ज्यांना वाव मिळाला नव्हता ते सगळे आमच्या घरी आले.

पहिल्या मालिशवाल्या मावशी. त्या मुळात घरात होत्याच. पाय पसरून बसायच्या, पायांवर ठकी पालथी, बाजूला पाणी. कसलं पाणी? ज्यात माझा हात गेला तर मी ओरडेन असलं. "दादा, बाळाचं अंग गरम पान्यानं मोकळं होतं!" वर डाळीचं पीठ, हळद, साय, आणि सगळं अंगावरून खराखरा घासून. "लव जाते." लव जायची असेल हो, पण तिच्याबरोबर कातडी पण निघालीय! मग शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, धूप, आणि त्या धुरावर माझी मुलगी आडवी धरलेली. (खोकतो.) मी खोकतोय, बायको खोकतेय, शेजारचे दार लावून घेतायत. मावशी मला म्हणतात, "बाळाला बघा कसं बरं वाटतंय. गप्प झालं." गप्प नाही झालं मावशी, ते श्वास रोखून बसलंय!

मग शेजारचे काका. त्यांच्याकडे ट्यूब असते. प्रत्येक सोसायटीत असा एक माणूस असतो ज्याच्याकडे ट्यूब असते. शेपटीकडून गुंडाळत आणलेली, नाव पुसलेली. "माझा नायटा याच्यावर आठ दिवसांत गेला." काका, तुमचा नायटा चाळीस वर्षांचा होता, ही पाच महिन्यांची आहे! आत काय आहे? जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकत्र. आपला सामाजिक सलोखा त्या एका ट्यूबमध्ये आहे. आणि ती तळहाताएवढ्या गालावर लावायची. बायकोने ती ट्यूब नमस्कार करून परत दिली.

गंमत म्हणजे, हेच सगळे लोक डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं सौम्य मलम बघून किंचाळले. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन. "स्टिरॉइड!" (छातीवर हात.) मोठ्या आत्या फोनवर रडल्या. लहान काका म्हणाले, "मुलगी पैलवान होईल." झाली तर होऊ दे ना! मला पाळणा हलवायला कुणीतरी हवंच आहे. बाईंनी प्रमाणही दाखवलं होतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ. साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात आपले दोन तळहात झाकतील इतकी जागा होते. लाल जागेवरच लावायचं, आणि सांगितलेले दिवसच. पण माझी आई ते मलम लावायची कसं? (करंगळीचं टोक मलमाच्या दिशेने नेऊन, न टेकवता मागे घेतो, मग हवेत गालाकडे फिरवतो.) प्रोक्षण!

मग निघाला कुळाचा विषय. बाईंच्या तोंडून निघून गेलं की अशा पुष्कळ मुलांच्या कातडीत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी असतं, 2006 साली त्याच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी संबंध सापडला, आणि घराण्यात दमा, सर्दी-शिंका असल्या की शक्यता वाढते. घराण्यात! बाई, तुम्ही दिवाळीच्या आधी हे सांगायला नको होतं. आईने माझ्यासमोर बायकोला विचारलं, "तुमच्याकडे कुणाला दमा?" बायको म्हणाली, "नाही. पण तुमच्याकडचे नाना सकाळी उठल्यावर सलग शिंकायचे ना?" आई म्हणाली, "ते तपकिरीमुळे!" पुढचा महिनाभर दोन्हीकडच्या मेलेल्या माणसांची सर्दी काढली आम्ही. एक पणजोबा सापडले, त्यांना अंगावर घोंगडी घेतली की खाज यायची. ते दोन्ही घराण्यांना सामाईक निघाले. लांबचं नातं. तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

(झोका. आवाज उतरतो.)

आणि रात्र. दिवसा ठीक असतं हो. रात्री अकरा वाजले, दिवा घालवला, की आवाज येतो. (नखाने खुर्चीचं कापड खरवडतो.) खर्र. खर्र. हातमोजे घातलेले असतात, पण ती डोकं चादरीवर घासते. डावा गाल, उजवा गाल, डावा गाल. मी दोन बोटांत तिचं मनगट धरतो, तर ती पायाने पाय घासते. पाय धरले तर माझ्या दाढीवर गाल घासते. माझ्या दाढीचा तेवढा एकच उपयोग आजवर निघालाय. बाईंना विचारलं, रात्रीच का? त्या म्हणाल्या, रात्री शरीरातलं कॉर्टिसॉल उतरतं, दिवसभर दाह दाबून धरतं ते. अंग उबेला आलं की खाज चढते, कातडीतलं पाणीही रात्री जास्त उडतं. म्हणजे शेतीची वीज आणि पोरीची खाज, दोघी रात्रीच येणार.

आणि शेतीच्या विजेचं मला ठाऊक आहे, कारण आमचे मामा. मामा म्हणजे सासरे. निफाड तालुक्यात द्राक्षबाग. डिसेंबरात निफाडचा पारा पाचावर आला की मामा झोपत नाहीत. बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात, कारण थंडीने मण्याला तडा जातो. पहाटे तीनला फोन. (जाड, सावकाश आवाज.)

"पाव्हणं, जागे का?"

"जागाच आहे मामा."

"आम्हीबी. काय परिस्थिती?"

"गाल तडकलेत."

"आमच्याकडं मणी. काय फवारताय?"

सगळ्या खानदानात हा एकच माणूस, ज्याने मला "काय खाल्लं होतं, कुणाची दृष्ट लागली" असं विचारलं नाही. काय फवारताय, किती, किती दिवसांनी! मी सांगितलं, नुसतं मलम, मामा, दिवसातून चारदा. तर म्हणतात, "बराबर हाय. बागेवर भुरीचा रोग आल्यावर धावायचं नसतं, यायच्या आधी मारायचं असतं. साबण कोणता?" मी म्हटलं, साबण बंद. साबणाचा सामू नऊ-दहा, कातडीचा साडेपाच. पलीकडे शांतता. मग, "अहो, आम्ही फवारणीच्या पान्याचा सामू बघितल्याशिवाय पंप चालू करत नाय. आन तुम्ही लेकराला नऊच्या सामूनं धूत होता?"

दुसऱ्या दिवशी मामा नाशकात. हातात बागेची वही. रेघा मारून रकाने. दिनांक, वेळ, औषध, प्रमाण, हवामान, शेरा. भिंतीला टांगली. मालिशवाल्या मावशींना बोलावून पाण्यात स्वतःचं कोपर बुडवलं. "मावशी, या पान्यात आम्ही कोंबडी सोलतो." मावशी गेल्या त्या गेल्या.

तीन मिनिटांचं मामांनी फारच मनावर घेतलं. मी ठकीला टिपतोय, हे दारात घड्याळ घेऊन. "दीड मिनिट! पाठ राहिली! कानामागं! कानामागं कोन मारनार?" बायको डब्यातून मलम काढतेय, मी लावतोय, ठकी माशासारखी सुळसुळतेय, हातात राहत नाही. या मलमाने ती इतकी गुळगुळीत होते की तिला पाळण्यापर्यंत न्यायचं म्हणजे मोठी जोखीम. दोन मिनिटं पन्नास सेकंद. मामांनी शेऱ्यात लिहिलं, "समाधानकारक. गती वाढवावी."

मग आली संक्रांत. बोरन्हाण! आत्याने पुण्याहून ठकीला काळं झबलं पाठवलं, चकचकीत, सिंथेटिक. आणि हलव्याचे दागिने. मुकुट, हार, बाजूबंद, मेखला. आता चांगला हलवा कोणता? ज्याला काटा चांगला! आत्या कौतुकाने सांगतेय, "काटा बघ कसा फुललाय!" अहो आत्या, आम्ही या पोरीच्या कपड्याचं लेबल कात्रीने काढतो, ते टोचतं म्हणून. तिच्या गळ्यात काटा?

वर आई निरांजन घेऊन आली. बायकोने मध्ये हात घातला. मलमात पॅराफिन असतं, कपड्यात मुरलं की कापड भराभर पेटतं. खरंच आहे ते, डब्यावर लिहिलेलं असतं, ज्वाळेपासून लांब. आई म्हणाली, "म्हणजे आता ओवाळायचं पण नाही?" धुरी गेली, शेगडी गेली, डाळीचं पीठ गेलं, आता औक्षण! आईच्या डोळ्यांत पाणी. सगळ्या बायका स्तब्ध. बोरं, चुरमुरे घेऊन उभ्या. अशा वेळी नवऱ्याने काय करायचं असतं? मी पाळण्याची दोरी धरली.

मामा उठले. धोतर सावरून पाटावर बसले. मांडीवर ठकी, अंगात जुनं धुतलेलं सुती झबलं. "दागिने मला घाला." (स्टुलावरचं डब्याचं झाकण डोक्यावर ठेवतो, मुकुटासारखं. ताठ बसतो.) साठी उलटलेला द्राक्षबागायतदार, मिशा, गळ्यात हलव्याचा हार, दंडावर बाजूबंद, डोक्यावर काटेरी मुकुट. "निरांजन लांबून फिरवा. बोरं माझ्यावर सोडा. उसाचं कांडं जरा बेतानं!" आईने मामांना ओवाळलं. व्याह्यांना! हसून हसून तिच्याच हातातलं तबक हललं. ठकी मुकुटाकडे बघत राहिली. तेवढा वेळ खाजवलं नाही. मामांनी घड्याळ बघून वहीत नोंद केली.

फेब्रुवारीत पुन्हा दाखवायला गेलो. मामा बरोबर, काखेत वही. बाईंनी गाल बघितले, कोपरांच्या घड्या बघितल्या, मग वही उघडली. दोन पानं उलटली, तिसरं उलटलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी. काय चुकलं का?"

"'भुरी नाही' म्हणजे काय?"

"ते जुन्या सवयीनं."

बाई म्हणाल्या, छान आवरलंय. लाल जागेवरचं ते दुसरं मलम आता थांबवू. मामा पुढे सरकले. "काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं असतं ते?" बाई म्हणाल्या, "लाली गेली की बंद. हिची काढणी नाही करायची हो!" मग म्हणाल्या, साधं मलम मात्र चालूच ठेवा. उन्हाळ्यात घामाने पुन्हा उठू शकतं. बऱ्याच मुलांचं शाळेत जाईपर्यंत पुष्कळ कमी होतं.

"शाळा," मामा म्हणाले. "म्हणजे चार-पाच हंगाम." वहीत लिहिलं. मग चष्मा काढला, बाईंकडे बघितलं, एकदम व्यवहारावर आले. "आठवड्याला पाव किलो म्हणता. वर्षाचे तेरा किलो. ते ड्रममध्ये येत नाय का? पन्नासचा?"

(पाळण्यातून किरकिर. कलाकार डोक्यावरचं झाकण काढतो, बाह्या वर सारतो, डब्यात चार बोटं बुडवतो.)

आलो गं, आलो. कानामागं कोण मारणार?

(पाळण्यात वाकतो. पडदा.)