किल्लेदार

तुमच्याही सोसायटीत एक असणारच. घरात नवा फ्रिज आला की बाकीचे शेजारी किती लिटरचा आणि केवढ्याला पडला ते विचारतात. हा गृहस्थ फ्रिजकडे ढुंकूनही बघत नाही. खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, आतल्या थर्मोकोलला टिचकी मारतो आणि हळूच विचारतो, "हे टाकणार आहात का?"

अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे किल्लेदार म्हणतात. पन्नाशीला टेकलेले, बँकेत नोकरीला. शोकेसमध्ये ऐंशीच्या दशकातले ही-मॅन, स्केलेटर आणि जी. आय. जो यांची अख्खी पलटण. जुने बाहुले जमवणारे पुष्कळ सापडतील, किल्लेदार मात्र त्यांना राहायला जागा बांधून देतात. गुहा, राजवाडे, तुरुंग, प्रयोगशाळा. स्वतः वन बीएचकेत राहतात.

बांधकामाचं साहित्य आपण सगळे पुरवतो. लोकलमध्ये ग्रुपमधल्या एकाने मुलीच्या बारावीचे पेढे वाटले. आम्ही टक्के विचारले, यांनी बॉक्स मागितला. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर भेटायला आले, संत्री ठेवली, "कसं वाटतंय आता?" म्हणाले आणि नजर वर सलाइनच्या नळीला जाऊन चिकटली. मी खुणेने नको नको म्हणतोय, तोवर "सिस्टर, हे टाकणार आहात का?" स्केलेटरच्या प्रयोगशाळेत हिरवं विष खेळवायला तेवढी एक नळी कमी पडत होती म्हणे. सिस्टरने त्यांना वॉर्डाबाहेर घालवलं. मला वाटतं, तिच्या नोकरीच्या काळातला तो सर्वांत योग्य निर्णय असावा.

एकदा मला उल्हासनगरला हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. जुन्या जी. आय. जोच्या पोटात एक काळं रबरी कडं असतं, धड आणि पाय त्यानेच एकत्र धरलेले. रबर जुनं झालं की तुटतं आणि जवान कमरेत दुभंगतो. त्या मापाची ओ-रिंग हवी होती. दुकानदाराने विचारलं, "कौन से नल का?" किल्लेदारांनी खिशातून दोन तुकड्यांतला सैनिक काढून काउंटरवर ठेवला. दुकानदाराने सैनिकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आप इनके साथ हो?" मी मन लावून शॉवरचे भाव बघायला लागलो.

थर्मोकोलवर थेट स्प्रे मारला की तो विरघळतो, हे ज्ञान ते लग्नाच्या पंगतीतही देतात. आधी रद्दी पेपरच्या पट्ट्या फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून चिकटवायच्या. वाळल्या की राखाडी रंग. त्यावर पातळ काळा फासायचा आणि ओला असतानाच जुन्या बनियनने पुसून घ्यायचा. काळा फटीफटींत बसतो आणि थर्मोकोल-पुठ्ठ्याचा दगड होतो. पुठ्ठ्याला मात्र हसायचं नाही. "अमेरिकेत मेगो कंपनीने 1974 साली बॅटमॅनची गुहा विकली, ती कसली होती? पुठ्ठ्याचीच! वर नुसतं विनाइल चढवलेलं!"

किल्लेदारांची पुण्याची सासरची मंडळी आली तेव्हा त्यांना अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं. मंदिर शिलाहारांचं, शके 982चं, म्हणजे 1060 सालचं. मंडळी दर्शन घेऊन बाहेर आली तरी जावई भिंतीचे कोन मोजत उभे. तिथला गाभारा सभामंडपाच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. काही दिवसांनी ही-मॅनच्या किल्ल्याला शिलाहारांच्या भिंती आल्या आणि तुरुंग पायऱ्या उतरून तळघरात गेला. सासरे अजून विचारतात, त्या दिवशी जावईबापू नमस्काराला आत का आले नाहीत.

हे सगळं कशापायी, ते वहिनींनी सांगितलं. लहानपणी वडिलांनी लिओ कंपनीचा एक ही-मॅन घेऊन दिला होता. किल्ला बोनस झाला की घेऊ, असं ठरलं. वडील ज्या कारखान्यात होते तिथे त्या वर्षी संप झाला, पुढच्या वर्षी टाळं लागलं. ही-मॅन चपलांच्या खोक्यात राहिला. त्या खोक्याला पोराने ब्लेडने खिडक्या कापल्या होत्या.

आता आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते आहे. बिल्डरच्या ऑफिसात टॉवरचं मॉडेल ठेवलं होतं. आम्ही कार्पेट एरियावरून भांडत होतो, किल्लेदार वाकून मॉडेल न्याहाळत होते. मी मनात म्हटलं, आता विचारणार. विचारलं, पण वेगळंच. "दार सात फुटी धरलं तर बाल्कनीतला हा माणूस चार फुटी भरतो. माणसं मुद्दाम बारकी केलीत का? म्हणजे हॉल मोठा वाटतो." बिल्डरच्या माणसाने एसी वाढवला. त्या दिवशी पहिल्यांदा कमिटीने नकाशे टेपने मोजायचे ठरवले आणि टेप धरायला किल्लेदारांना बोलावलं.

मग प्रत्येकाच्या मागण्या लिहून घेतल्या. कुणाला मॉड्युलर किचन हवं, कुणाला कॉर्पस फंड जास्त. किल्लेदारांनी मागितली दिवाळीत पोरांना किल्ला करता येईल एवढी मोकळी माती, पेव्हर ब्लॉक न लावलेली. बिल्डर म्हणाला, तिथे दोन गाड्या उभ्या राहतील. तेव्हापासून सोसायटीत मातीवाले आणि पार्किंगवाले असे दोन तट पडलेत. मी पार्किंगवाला. गाडी घेतोय ना पुढच्या वर्षी. पण पार्किंगवाल्यांचं पत्र गेला आठवडाभर घरात टेबलावर पडून आहे आणि माझी सही काही त्यावर होत नाही.